क कुमुदचा

टोणप्यांच्या घरात 'अडखळणं' हा शब्द नव्हता. 'अडकणं'ही नव्हतं. दाराची कडी बसेनाशी झाली तर ती 'थांबलीय', नळाची धार बारीक झाली तर पाणी 'थांबतंय'. कराडातल्या बाकी लोकांच्या गाड्या घाटात अडकायच्या, टोणप्यांची थांबायची. 'अडला हरी गाढवाचे पाय धरी' ही म्हणसुद्धा कुमुदताईंनी पोरांना शाळेच्या पेपरापुरतीच ठेवायला सांगितली होती. कारण घरातला कर्ता माणूस, दिगंबर टोणपे, बोलताना लहानपणापासून अडखळायचा. ज्यानं माणूस दुखावतो त्याचं नाव घरात काढू नये, असं कुमुदताईंचं साधं म्हणणं होतं.

म्हणून मग त्यांची मुलगी शलाका लॅपटॉपसमोर कपाळाला हात लावून बसली होती तेव्हाही तिच्या तोंडून "थांबतोय मेला" एवढंच निघालं.

शलाका लग्नाच्या फिल्म जोडायची. घराच्या वरच्या मजल्यावर तिची खोली, तिथंच तिचं दुकान. हल्ली कॅमेरे असे आले होते की नवरीच्या शालूतला धागा न् धागा मोजावा. मोजत कुणी नव्हतं, पण नवरीच्या मावशीला 'मोजता येतो' हे समाधान हवं असायचं. आणि या समाधानाचं ओझं वाहायचं कुणी, तर शलाकाच्या चार वर्षं जुन्या लॅपटॉपनं. नवरी पायरी उतरायला पाऊल उचलायची आणि ते पाऊल हवेतच राहायचं. मग एकदम ती मांडवात उभी. मधल्या पायऱ्या गायब.

त्याचं असं असतं. चित्रफितीत प्रत्येक चित्र पूर्ण साठवलेलं नसतं. एक चित्र पूर्ण, आणि पुढच्या कित्येक चित्रांच्या जागी नुसत्या सूचना: हात इथून तिथं गेला, पापणी मिटली, मागची भिंत होती तशीच आहे. त्या सूचना वाचत वाचत लॅपटॉपला प्रत्येक चित्र जागच्या जागी नव्यानं रचावं लागतं. चित्र जितकं बारीक तितकी रचणावळ मोठी. वेळेत जमलं नाही की तो मधली चित्रं सरळ गाळतो आणि पुढं पळतो.

यावरचे घरगुती उपाय शलाकाला पाठ होते. बाकीचे सगळे प्रोग्रॅम बंद करायचे. फाइली बाहेरच्या डिस्कवरून आत घ्यायच्या. दिसणाऱ्या चित्राचा दर्जा निम्म्यावर आणायचा. आणि काहीच चाललं नाही तर मूळ फाइलची एक हलकी, धुरकट नक्कल करायची, कापाकापी सगळी नकलेवर करायची आणि शेवटी फिल्म काढताना तिच्या जागी मूळ जोडायचं. दुधाची तहान ताकावर. इतकी वर्षं ताकावर बरं भागलं होतं, पण आता ते ताक घुसळण्यातच अर्धा दिवस जायला लागला.

अशा वेळी तिनं 'सलग' घेतला.

सगळेच घेत होते. या प्रोग्रॅमची करामत वेगळी होती. तो लॅपटॉपला चित्रं रचायला लावतच नव्हता. आधी तासभर तो सगळं चित्रण चाळायचा आणि त्यातली माणसं शिकून घ्यायचा. हा माणूस हसण्याआधी मान कशी कलती करतो, ही बाई कुठल्या अक्षराला ओठ कसे मुडपते, हिचा आवाज वाक्याच्या शेवटी कसा उतरतो. एकदा शिकला की मूळ फाइल तो फक्त अधूनमधून डोकावून बघण्यापुरती वापरायचा. बाकी सगळं अंदाजानं. नवऱ्यानं तोंड उघडायच्या आत तो काय म्हणणार हे जुन्या बायकोला ठाऊक असतं ना, तसंच. चित्र कुठं अडलं, आवाज कुठं तुटला, तेच तेच पुन्हा आलं, की सलग ते चित्रणातलं वैगुण्य समजायचा, बाजूला काढायचा आणि तिथं आपलं गुळगुळीत चित्र बसवायचा. काम झालं की कोपऱ्यात हिरवी पाटी यायची: 'अडखळ काढली.'

पाटी पहिल्यांदा आली तेव्हा शलाकानं दचकून जिन्याकडं बघितलं होतं. मग स्वतःशीच हसली आणि पाटी दिसणार नाही अशी सोय करून टाकली.

सलगची आणखी एक खोड होती. फिल्म मनासारखी झाली की शेवटी 'पक्कं करा' हे बटण दाबायचं. ते दाबलं की फिल्म तयार व्हायची आणि मूळ चित्रण कायमचं पुसलं जायचं, जागा मोकळी. कंपनीचं म्हणणं, आम्ही सगळा रस काढून घेतला आहे, चिपाड ठेवून काय करता? कराडसारख्या उसाच्या गावात हे कुणालाही पटण्यासारखं होतं. शलाकानं सहा महिन्यांत कितीतरी लग्नं अशी पक्की केली आणि तिला एकदाही हळहळ वाटली नाही.

त्या वर्षी दिगंबर आणि कुमुदताईंच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती. कार्यालय ठरलं, श्रीखंडाचा बेत ठरला. मेलबर्नहून धाकटा भाऊ निनाद येणार नव्हता, पण 'फिल्म झकास कर' असं बजावत होता. शलाकानं सगळ्या नातेवाइकांना कॅमेऱ्यापुढं बसवलं. आई तर अशी बोलली की तिला थांबवावं लागलं. राहिले बाबा.

बाबांचं नि कॅमेऱ्याचं वाकडं होतं. जन्मभर पाटबंधारे खात्यात नकाशे काढले, ते एका अर्थी बोलावं लागू नये म्हणूनच. घरच्या प्रत्येक समारंभाच्या चित्रणात ते एकतर पाठमोरे असायचे, नाहीतर पंगतीत वाढत असायचे. त्यांचा आवाज असलेली एकही फीत घरात नव्हती. आणि एके दिवशी सकाळी तेच जिना चढून वर आले आणि म्हणाले, "मला क-क-कॅमेरा लावून दे. आणि तू खाली जा." शलाकानं खालच्या खोलीत लंबकाच्या घड्याळासमोर त्यांना खुर्ची दिली, कॅमेरा चालू केला आणि दार ओढून बाजारात निघून गेली. आई स्वयंपाकघरात होती.

बाबांना काय बोलायचं असेल, याचा अंदाज मात्र शलाकाला होता, कारण ती गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती.

दिगंबरांना सगळ्यात जड जायचा तो शब्दाच्या तोंडाशी येणारा 'क'. अ, आ, उ यांच्याशी त्यांचं बरं होतं, य आणि र यांच्याशीही जमवून घेत, पण 'क' म्हणजे वैरी. आणि मुलगी सांगून आली तिचं नाव कुमुद. थोरल्या बहिणीनं, म्हणजे आक्कानं, लगेच तोड काढली. नाहीतरी लग्नात नाव बदलायचंच असतं, आपण हिचं 'अलका' ठेवू. तुझ्या जिभेला सोपं. सगळ्यांना ही युक्ती फार आवडली. नवरीच्या माहेरच्यांचीही ना नव्हती. लग्नात तबकातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहायची वेळ आली, भटजींनी 'अलका' असं कानात सांगितलं आणि दिगंबरांनी शांतपणे लिहिलं, 'कुमुद'. हात काही त्यांचा अडखळत नव्हता. आरेखकाचा हात, अक्षर छापल्यासारखं.

मग पंगत बसली आणि घास भरवताना उखाण्याचा आग्रह झाला. दिगंबरांनी स्वतः जुळवलेला होता. पहिली ओळ निघाली: 'आखले पाट, बांधले बंधारे, पाण्याला दिली वाट'. दुसरी ओळ 'क'वर सुरू होत होती. तिथंच घोडं पेंड खाऊ लागलं. क, क, क. मांडवात खसखस पिकली. वाढपी हातातलं पातेलं घेऊन उभेच. शेवटी आक्कानं न राहवून पंगतीच्या पलीकडनं ओरडून सांगितलं, "कुमुद हो कुमुद! झालं, वाढा आता." हशा झाला, जेवणं झाली. दिगंबरांचा उखाणा अर्धाच राहिला. एवढ्या सगळ्यात हसली नव्हती ती एक नवरी. ती हातात घास धरून बसून होती आणि हळूच म्हणाली होती, "येईल. घाई नाही." बायकोनं नवऱ्याला म्हटलेलं पहिलं वाक्य ते.

शलाकानं बाबांचं चित्रण बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतलं, सलगला तासभर ते चाळू दिलं आणि मग लावलं. तिचा विश्वास बसेना. बाबा खुर्चीत ताठ बसले होते, मागं लंबक हलत होता आणि ते बोलत होते. आपण नोकरीला लागलो तेव्हाचं कराड, पहिला पगार, शलाका जन्मली तेव्हाचा पाऊस. एकाही शब्दाला न थांबता. आवाज त्यांचाच, शब्द त्यांचेच, आणि शेवटी किंचित हसून त्यांनी म्हटलं:

'आखले पाट, बांधले बंधारे, पाण्याला दिली वाट,
कुमुदचं नाव घेतो, वाढा श्रीखंडाचं ताट.'

शलाकाला रडू फुटलं. बाबांनी चोरून कुठंतरी सराव केला असणार, असंच तिला वाटलं. आरशासमोर, नाहीतर सकाळच्या फिरण्यात नदीकाठी. ती पळत खाली गेली, त्यांना हाताला धरून वर घेऊन आली आणि फीत लावली.

दिगंबर उभ्यानंच बघत राहिले. फीत संपली. मग म्हणाले, "प-परत लाव." परत लावली. मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी ते खुर्ची ओढून बसले आणि पडद्यावरच्या स्वतःच्या तोंडाकडं, नव्या ओळखीच्या माणसाकडं बघावं तसं बघत राहिले. जाताना शलाकाच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी एवढंच सांगितलं, "हेच ठेव."

आता खरं म्हणजे काम संपलं होतं. बटण दाबायचं तेवढं राहिलं होतं. पण शलाकाचे कान धंद्यानं तयार झालेले. तिला एक शिट्टी खटकली. बाबा बोलत असताना मागं स्वयंपाकघरात आईच्या कुकरची शिट्टी होत होती, आणि 'कुमुदचं' या शब्दाच्या तोंडाशी त्या शिट्टीचं नुसतं शेपूट ऐकू येत होतं. सुरुवात नाही, मध्य नाही. कुकर असा मधेच सुरू होत नाही. काहीतरी गाळलं गेलं आहे, हे तिच्या ध्यानात आलं. तिनं सलग बंद केला आणि मूळ फाइल लावली.

लॅपटॉप लगेच जुन्या वळणावर गेला. पंखा घरघरला, चित्र थबकलं, दोन पावलं पुढं गेलं, पुन्हा थबकलं. बाबांचं तोंड अर्धवट उघडं. "आलं का परत तुझं थांबणं," म्हणत शलाकानं बाकीचे प्रोग्रॅम बंद केले. फाइल बाहेरच्या डिस्कवर होती, ती आत घेतली. दर्जा निम्म्यावर, मग पाव. लंबक जरा सरळ हलायला लागला, पण बाबा तसेच. शेवटी तिनं पूर्वीसारखी हलकी नक्कल करायला लावली, चहा करून आली आणि ती नक्कल चालू केली.

चित्र धुरकट होतं, पण आता कुठंही तुटत नव्हतं. लंबक डावीकडून उजवीकडं व्यवस्थित जात होता. खिडकीचा पडदा वाऱ्यानं हलत होता. कुकरची शिट्टी सुरू झाली, चढली, उतरली. फक्त बाबांचे ओठ थांबलेले होते. क, क. गळ्याची शीर फुगलेली, डोळे मिटलेले, उजव्या हाताची मूठ मांडीवर आपटतेय. आणखी एक शिट्टी. क, क. लंबक जातोय, येतोय. आणखी एक शिट्टी झाली आणि आईनं गॅस बंद केल्याचा खट्ट आवाज आला. अख्खं वरण शिजून झालं, तेव्हा कुठं बाबांच्या तोंडून ते नाव बाहेर पडलं. मग त्यांनी घाम पुसला आणि उरलेली ओळ पुरी केली.

लॅपटॉप केव्हाच दुरुस्त झाला होता. थांबत होते ते बाबा. आणि आपण मघापासून बाबांना दुरुस्त करायला बसलो होतो, हे कळल्यावर शलाकानं चहाचा कप बाजूला ठेवला. सलगला हा फरक कळतच नव्हता. यंत्र अडलं काय नि माणूस अडला काय, त्याच्या लेखी दोन्ही अडखळच. तेवढ्यात तिला निनादचं बोलणं आठवलं. गेल्या दिवाळीपासून तो सारखा म्हणत होता, बाबांचं बोलणं किती सुधारलंय गं. ती म्हणायची, तुला लांबून वाटतं. आता तिनं शोध घेतला तेव्हा कळलं, फोनवरच्या व्हिडिओ कॉलमध्येही हेच तंत्र आलेलं होतं. वर्षभर निनाद एका न अडखळणाऱ्या माणसाशी बोलत होता. आणि बाबा अलीकडं फोन घेऊन आतल्या खोलीत जाऊन बसायचे, ते का, याचाही उलगडा झाला. तिकडचा मुलगा त्यांना मधे तोडत नव्हता.

ती खाली गेली. दिगंबर मागच्या अंगणात कढीपत्त्याच्या झाडाला पाणी घालत होते. मूळ चित्रण वेगळं आहे, असं तिनं सांगताच त्यांनी मान हलवली.

"मला म-माहीत आहे. मीच बोललो होतो ना ते."

"बाबा, हे 'पक्कं' केलं की मूळ पुसलं जाईल. तुमचं दुसरं काहीच नाही आपल्याकडं. मग तुमचा खरा आवाज कुठंच राहणार नाही."

त्यांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. बराच वेळ लागला त्यांना पुढचं बोलायला, आणि शलाका थांबली, कारण त्या घरात सगळ्यांना थांबता यायचं.

"पन्नास वर्षं लोक माझी व-वाक्यं पुरी करतायत. आक्का करते, दुकानदार करतो, ब-बँकेतली पोरगी करते. ह्या तुझ्या प्रोग्रॅमनं निदान माझ्याच आवाजात पुरं क-केलं. एकदा लोकांना असं ऐकू दे. त्याच लोकांना." मग हळूच म्हणाले, "मूळ क-कुणाला हवंय?"

मला हवंय, असं शलाकाच्या अगदी ओठावर आलं होतं. पण आयुष्यभर तोंड चुकवत आलेला माणूस पहिल्यांदा काहीतरी मागत होता, आणि त्याला आपल्या हवं-नकोशात ओढायचं म्हणजे आपणही आक्काच झालो. तिनं 'बरं' म्हटलं. वर जाऊन तिनं बटणावर बोटही नेलं, पण दाबलं नाही. समारंभाच्या दिवशी सकाळी करू, असं म्हणून ढकललं. ढकलण्यात काही शहाणपण नव्हतं, तिला नुसता धीर होत नव्हता.

त्या सकाळी कुमुदताई हिरवी पैठणी नेसून, गुडघ्यावर हात ठेवत ठेवत जिना चढून वर आल्या. कार्यालयात सगळ्यांदेखत रडायला नको, म्हणून मला आधी दाखव, असं त्यांचं म्हणणं. मागोमाग दिगंबरही आले आणि दाराला टेकून उभे राहिले. आता नाही कसं म्हणायचं? शलाकानं बाबांचा भाग लावला.

कुमुदताई पुढं झुकून ऐकत होत्या. नोकरीची गोष्ट, पगाराची गोष्ट. त्यांच्या कपाळावर हळूहळू आठी चढत गेली. उखाणा आला तशा त्या सवयीनं जराशा सावरून बसल्या, तोंड किंचित उघडलं, 'येईल' म्हणायला. पण तोवर नाव येऊन गेलंही होतं आणि श्रीखंडाचं ताटही वाढून झालं होतं.

"छान बोलतोय हा माणूस," त्या म्हणाल्या. "कोण आहे?"

शलाकानं त्यांना सगळं सांगितलं. लॅपटॉपचं थांबणं, प्रोग्रॅमचं शिकणं, गाळणं, भरणं. सगळं ऐकून त्या दाराशी उभ्या असलेल्या नवऱ्याकडं वळल्या.

"अहो, माझं नाव एवढं तोकडं नाहीये."

दिगंबर दाराची कडी चाळवत राहिले.

"बाकीच्यांच्या तोंडी असेल तीन अक्षरांचं. तुमच्या तोंडी ते केवढं लांबलचक आहे. तुम्ही 'क' धरला की मी हातातलं काम ठेवते, पदर सारखा करते, आता काय म्हणतील त्याचं उत्तर मनात जुळवते, आणि मग तुमची हाक येते. पन्नास वर्षं मला एवढा वेळ घेऊन दुसऱ्या कुणी हाक मारली नाही. हा पडद्यावरचा तर मला बोलावून पुढं निघूनसुद्धा गेला."

"लोक ह-हसतात, क-क-कुमुद."

नाव यायला वेळ लागला, आणि शलाकानं बघितलं, आईनं खरंच त्या वेळात पदर सारखा केला.

"हसू देत की. त्यांना न हसवायचं असतं तर उपाय तेव्हाच होता. अलका केलं असतं मला. तुम्ही घडाघडा बोलला असता. का नाही लिहिलंत तांदळात?"

"तुझं नाव अलका न-नव्हतं म्हणून."

"मग," कुमुदताई म्हणाल्या. गुडघ्यावर हात ठेवत ठेवत जिना उतरून गेल्या.

दिगंबर तिथंच उभे राहिले. खालून रिक्षा आल्याची हाक आली तेव्हा ते शलाकाला म्हणाले, "मूळ आहे का अजून?"

शलाकानं होकारार्थी मान हलवली.

"मग ते ल-लाव."

आता नव्यानं फिल्म काढायला वेळ कुठला? शलाकानं उखाण्याच्या तुकड्यापुरता सलग काढून टाकला, तिथं मूळ फाइल जोडली आणि लॅपटॉप तसाच काखोटीला मारून कार्यालय गाठलं. धुरकट नक्कल मोठ्या पडद्यावर दाखवायला तिचं मन घेईना. मूळ तर मूळ. लॅपटॉपला पेलेल की नाही, हा प्रश्न होता, पण तो विचारायला सवड नव्हती.

पंगती बसल्या होत्या. पहिल्या रांगेत दिगंबर आणि कुमुदताई, त्यांच्याशेजारी चाकांच्या खुर्चीत आक्का, नव्वदीला टेकलेली पण आवाज खणखणीत. फिल्म सुरू झाली. जुने फोटो झाले, नातेवाइकांची कौतुकं झाली, मेलबर्नहून निनादचा निरोप झाला. मग खुर्चीतले बाबा आले. 'आखले पाट, बांधले बंधारे, पाण्याला दिली वाट.' लोकांनी ओळखलं, कुजबुज झाली.

क. क. बाबांचे ओठ थांबले. आणि तेवढ्यात मागचा लंबकही मधल्या मध्ये थांबला. पंखा घरघरला. आता बाबांच्या जोडीला लॅपटॉपही थांबला होता.

"अडकलं वाटतं," मागून कुणीतरी म्हणालं. कुणीतरी हसलं. शलाका उठून टेबलाकडं धावली. आक्कानं मान वर केली, तोंड उघडलं, आणि तिला कोपरानं हलकेच थोपवत दिगंबर उभे राहिले. पडद्यावरचा माणूस जिथं होता तिथूनच त्यांनी धरलं.

"क," ते म्हणाले. "क. क."

कार्यालय गप्प झालं. श्रीखंडाचं पातेलं घेतलेला वाढपी जागच्या जागी उभा राहिला. दिगंबरांचे डोळे मिटलेले, शीर फुगलेली, मूठ मांडीवर आपटत होती. आक्का ओठ घट्ट मिटून बसली होती, आणि हे तिला किती जड जात होतं ते तिच्या हनुवटीवर दिसत होतं. कुमुदताईंनी ताटातला घास उचलून हातात धरला. नुसत्या वर बघत होत्या, घाई नसलेल्या माणसासारख्या.

"कुमुदचं," दिगंबर म्हणाले, "कुमुदचं नाव घेतो, वाढा श्रीखंडाचं ताट."

हसले सगळे, पण ते हसणं वेगळं होतं. टाळ्या झाल्या, वाढपी धावले, आक्का पदरानं डोळे पुसत 'बाई बाई' करत राहिली. दिगंबर खाली बसले तेव्हा त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता, आणि हातातला घास कुमुदताईंनी त्यांना भरवला.

या गडबडीत पडद्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. तिथं बाबा अजून तसेच, ओठ अर्धवट उघडे, लंबक मधेच. शलाका लॅपटॉप मिटायला गेली, तशी कुमुदताईंनी लांबूनच हात वर करून तिला थांबवलं.

"राहू दे गं," त्या म्हणाल्या. "त्याचं व्हायचंय अजून."

शलाकानं हात मागं घेतला. तिघंही पडद्याकडं बघत थांबले. पंखा घरघरत होता. मग लंबक हलला.